आधी आयआरक्यू बघा

संगणक दुरुस्तीच्या धंद्यातल्या मित्रांनो, अध्यक्ष म्हणून व्यवसायाचा आढावा मी घ्यावा अशी संयोजकांची अपेक्षा आहे. तो छापील अहवालात आलाच आहे, घरी वाचा. मला बरीच वर्षं मनात साठलेलं एकच बोलायचं आहे. कार्ड कुरकुरलं की आपण फॉरमॅट मारतो. आयआरक्यू, म्हणजे कार्डाला मिळालेली इंटरप्टची लाइन, कोणी बघत नाही.

१९८४च्या पीसी एटीत इंटरप्टच्या दोन चिप जोडल्या. सोळा लाइनींपैकी एक त्या जोडणीतच गेली. उरलेल्यांत टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क अशा मंडळींनी आधीच जागा धरलेल्या. आयसा कार्डांना एक लाइन दोघांत चालत नसे, म्हणून जंपर हलवत बसायचं. ताप होता, पण कुणाला काय दिलंय ते डोळ्यांना दिसायचं.

पीसीआय आलं आणि वाटप बायोसच्या हाती गेलं. स्लॉटला इंटरप्टच्या चार तारा, ए ते डी. बोर्ड बनवणारा पुढच्या स्लॉटला त्या एकेक घर सरकवून चिपसेटच्या राउटरला जोडतो. कुठल्या तारेला कुठला नंबर, हे बायोस राउटरमध्ये लिहितं आणि तोच नंबर कार्डाच्या ‘३सी’ रजिस्टरमध्ये टिपून ठेवतं. ती नुसती नोंद आहे, महाराजा! तिथला आकडा खोडून तार बदलत नाही. तार बदलायची तर कार्ड उचलून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावं लागतं.

सकाळच्या सत्रात बायोसमधल्या ‘पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड’ला ‘येस’ ठेवावं की ‘नो’, यावर दोन तट पडले. दोघांनाही एक किस्सा सांगतो. दादरच्या एका स्टुडिओत गाणं वाजत असताना स्क्रीनवरची विंडो सरकवली की खरखर यायची. आधीच्या माणसाने विंडोज नव्याने टाकली होती, साउंड कार्डही बदललं होतं. मी मशीन चालू करताना पॉझ दाबला. पडद्यावर आलेल्या पीसीआय यादीच्या शेवटच्या, आयआरक्यूच्या रकान्यात डिस्प्ले कंट्रोलर ११, मल्टिमीडिया डिव्हाइसही ११! डिस्प्ले कार्डाच्या एजीपी स्लॉटला लागून असलेला पीसीआय स्लॉट तेव्हा बऱ्याच बोर्डांवर एजीपीच्याच तारेवर असे. पीसीआयमध्ये एक नंबर दोघांनी वापरणं नियमात बसतं. पण डिस्प्लेचा ड्रायव्हर रेंगाळला तर साउंड कार्डाने काय करावं? कार्ड तिसऱ्या स्लॉटमध्ये लावलं, नंबर १० आला, खरखर गेली. ‘येस-नो’ला मी हातही लावला नव्हता.

तरुण मित्र म्हणतील, आता एमएसआय आहे, पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड इंटरप्ट निरोपाने पाठवतं, तार उरलीच कुठे? खरं आहे, पण ड्रायव्हरने एमएसआय मागितलं तर! नाही मागितलं की तेच जुनं सामायिक वाटप. मग त्या लाइनवरच्या इंटरप्टला कुठल्याच ड्रायव्हरने दाद दिली नाही, की लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ म्हणून ती लाइन बंद करतं आणि आपण कार्डाच्या नावाने बोटं मोडतो.

पूर्वी चांगल्या बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये कुठला स्लॉट कुठल्या तारेवर, याचा तक्ता असे. आता चकचकीत दिव्यांचे फोटो असतात. आपल्या संघटनेच्या शाखांनी आपापल्या भागातल्या बोर्डांचे तक्ते जमवावेत. ते कसे, कुठे ठेवायचे ते कार्यकारिणी बघेल. पण तक्त्याशिवाय बोर्ड विकणाऱ्याला जाब विचारणारा ठराव मात्र आज दुपारच्या सत्रातच मांडा. मी अनुमोदन देतो.