कोळशाची भूक



'शोषण' हा शब्द आम्हा युनियनवाल्यांच्या तोंडी नेहमीचा. आज मात्र मी 'अधिशोषणा'वर बोलणार आहे. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही; जे शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा सोप्या भाषेत सांगतो.

पाणी स्पंजात मुरते ते शोषण. वस्तू पृष्ठभागाला चिकटून राहते ते अधिशोषण. म्हणजे येथे सारी किंमत पृष्ठभागाची. कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचे चिपाड, नारळाच्या करवंट्या हवा तोडून साधारण 400 ते 600 अंशांवर भाजल्या की जैवकोळसा होतो. पण त्याची पुष्कळशी छिद्रे डांबरी द्रव्याने बुजलेली असतात. ती मोकळी करणे आणि नवी पाडणे, यालाच कोळसा सक्रिय करणे म्हणतात.

त्याच्या दोन रीती आहेत. एक, 800 ते 1000 अंशांवर वाफ सोडावयाची. वाफ कोळशाचा काही भाग खाते. त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन निघून जातो, मागे छिद्रे उरतात. दुसरी, कॉस्टिक पोटॅश किंवा फॉस्फोरिक आम्ल घालून तापवावयाचे आणि मग धुऊन काढावयाचे. अशा एका ग्रॅम कोळशात हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे पृष्ठभाग दडलेला असतो!

या दहा गुंठ्यांवर पीक कोणते? 1785 साली लोविट्झ या रसायनज्ञाला दिसले, की कोळसा द्रावणातला रंग ओढून घेतो. 22 एप्रिल 1915 रोजी ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडला गेला आणि पुढे सैनिकांच्या मुखवट्यांत हाच कोळसा बसला. नायट्रिक आम्लाने संस्कार केला तर तो पाण्यातले शिसे अधिक धरतो. लोहाचे क्षार चढवले तर आर्सेनिक धरतो. विजेच्या साठ्यासाठीही करवंटीचा कोळसा महाधारित्रांत, म्हणजे सुपरकॅपॅसिटरमध्ये वापरतात. छिद्रांच्या भिंतींवर आयन गोळा होतात, म्हणून तो सेकंदांत भरतो आणि सेकंदांत रिकामा होतो. मात्र वजनाच्या मानाने बॅटरीपेक्षा साठा पुष्कळ कमी. छिद्र आयनाच्या मापाचे हवे, राख धुऊन गेलेली हवी.

आता माझ्या कामाची गोष्ट. ही भूक आंधळी आहे. ओला सक्रिय कोळसा बंद टाकीत पडून राहिला, तर तो आतल्या हवेतला ऑक्सिजनही ओढून घेतो. वास नाही, रंग नाही, ठसका नाही. बाहेर हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के. तो 10 टक्क्यांच्या खाली गेला की माणूस हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. कोळशाचा मुखवटा तेथे कुचकामाचा; तो विष अडवतो, ऑक्सिजन देत नाही.

1948 च्या कारखाना कायद्याने 36 व्या कलमात घातक वायूच्या बंदिस्त जागेत उतरण्यासाठी हवेची तपासणी करून लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि कंबरेचा पट्टा सांगितला; त्या पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कायद्यांची पुस्तके बदलतात. दोराची गरज बदलत नाही. टाकी साफ करायला बहुधा कंत्राटी माणूसच उतरतो आणि नेमके त्यालाच हे कोणी सांगत नाही.

शेतातल्या काडीकचऱ्याचे सोने करणारे शास्त्र जरूर वाढावे. पण ज्या दिवशी टाकीचे झाकण उघडेल, त्या दिवशी आधी हवा मोजली जावी आणि 'मोजल्याशिवाय उतरणार नाही' असे म्हणणाऱ्या कामगाराचा रोज कापला जाऊ नये. एवढीच माझी मागणी आहे.