नाटककार हबीब तन्वीर : रंगभूमी, संसार आणि बोली
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठीतून शिकविणाऱ्या शाळेच्या उत्सवात एका उर्दू कवीचे आणि छत्तीसगढी नाटकांच्या दिग्दर्शकाचे चरित्र का सांगावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्या चरित्रातच आहे.

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. ‘तन्वीर’ हे त्यांनी कवितेसाठी घेतलेले उपनाम. पुढे तेच आडनावासारखे रूढ झाले. त्यांचे वडील मूळचे पेशावरचे, घरची भाषा उर्दू. तथापि आजोळची माणसे छत्तीसगढच्या खेड्यांत शेतीवाडी सांभाळून होती आणि सुट्टीत तेथे जाणाऱ्या या मुलाच्या कानांवर शेतकऱ्यांची गाणी पडत होती. रायपूरच्या लॉरी म्युनिसिपल हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर त्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९४४ साली पदवी घेतली. रायपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती.

१९४५ साली ते मुंबईस आले. आकाशवाणी, चित्रपट, पत्रकारिता आणि ‘इप्टा’ या जननाट्य संघाचे काम अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी हात घातला. परंतु त्यांचा खरा मार्ग १९५४ साली दिल्लीत सापडला. नझीर अकबराबादी या लोककवीवर त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे नाटक लिहिले. त्यात जामिया मिल्लियाचे विद्यार्थी होते, तसे ओखला गावचे साधे रहिवासीही होते. नाटक कवीवर, पण कवी रंगमंचावर येतच नाही. बाजारातील फेरीवाले, काकडीविके आणि फकीर यांच्या तोंडून त्याची कविता ऐकू येते. कवितेचा खरा पत्ता लोकांच्या जिभेवर असतो, हे त्या रचनेने सांगितले.

१९५५ साली ते इंग्लंडला नाट्यशिक्षणासाठी गेले. लंडनची ‘राडा’ आणि ब्रिस्टलचे ओल्ड विक या संस्थांत शिकून ते युरोपात फिरले आणि बर्लिनला पोहोचले. ब्रेख्त नुकताच निवर्तला होता, पण त्याची नाटके त्यांनी तेथे मुक्काम करून पाहिली. परतल्यावर त्यांनी केलेली गोष्ट विलायती शिक्षणाच्या नेमकी उलट वाटावी अशी होती. १९५८ साली शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाडी’ बसविताना त्यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील सहा कलावंतांना दिल्लीस आणले.

१९५९ साली ‘नया थिएटर’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या सहसंस्थापक मोनिका मिश्र स्वतः अभिनेत्री व दिग्दर्शिका होत्या. पुढे त्या तन्वीरांच्या पत्नी झाल्या. संसार आणि नाटकमंडळी यांच्यामध्ये भिंत अशी उरलीच नाही. कन्या नगीन त्याच मंडळींत वाढली, गाऊ लागली, भूमिका करू लागली. संस्थेच्या व्यवस्थेचा मोठा भार मोनिकाजींनी दीर्घकाळ वाहिला. दिग्दर्शकाची कीर्ती सांगताना ही बाजू बहुधा तळटीपेत जाते. वास्तविक तिच्यावाचून नाटकमंडळी उभी राहत नाही.

येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु जवळजवळ पंधरा वर्षे एक अडचण तन्वीरांना छळत होती. गावातील खुल्या मैदानावर रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे हेच नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. तन्वीरांनी दोष नटांत शोधला नाही; तो स्वतःच्या पद्धतीत शोधला. त्यांना दोन चुका आढळल्या. पहिली, नटांना त्यांची बोली सोडून खडी बोली हिंदी बोलावयास लावणे. दुसरी, डावीकडे इतकी पावले, उजवीकडे इतकी, असा हालचालींचा आराखडा त्यांच्यावर लादणे. १९७३ साली रायपूरच्या शिबिरात त्यांनी दोन्ही बंधने सोडली. नटांनी आपल्या बोलीत उत्स्फूर्त संवाद रचावेत, दिग्दर्शकाने त्यांतून निवड करून घाट द्यावा, अशी रीत ठरली. ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक त्यातून जन्मले आणि दिल्लीच्या प्रेक्षकांनीही ते उचलून धरले.

१९७५ सालचे ‘चरणदास चोर’ ही या शोधाची पूर्तता होय. विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेवरून रचलेल्या या नाटकात सतनामी पंथाची गीते आणि पंथी नृत्य आले. गुरूपुढे सत्याची शपथ घेतलेला चोर ती मोडण्यापेक्षा मरण पत्करतो. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी या कथेवर बालचित्रपट काढला आणि त्यातून स्मिता पाटील प्रथम पडद्यावर आल्या. १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात या नाटकास ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. ज्या बोलीला दिल्लीत संकोच वाटत होता, ती स्कॉटलंडमध्ये वाहवा मिळवून आली.

सन्मान आलेच : राज्यसभेचे सदस्यत्व, १९८३ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण. विरोधही आला. ‘पोंगा पंडित’ या जुन्या प्रहसनाचे प्रयोग उधळले गेले; तरी त्यांनी ते थांबविले नाहीत. २००५ साली मोनिकाजी गेल्या आणि ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे तन्वीरांनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांच्या मंडळीतील गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली. संस्थेची धुरा नगीन यांनी उचलली.

या चरित्रातून शाळेने काय घ्यावे? तन्वीरांनी बोलीचा कैवार घेतला म्हणजे जगाकडे पाठ फिरविली, असे झाले नाही. त्यांच्या छत्तीसगढी नटांनी शूद्रक खेळला, ब्रेख्त खेळला, शेक्सपिअरही खेळला. अवघडलेले मूल मठ्ठ असते असे नाही. कित्येकदा ते परक्या भाषेत उभे केलेले असते. त्याला स्वतःच्या भाषेत पाय रोवू दिले, तर पुढे ते कोणत्याही भाषेच्या रंगमंचावर ताठ उभे राहते. अन्यभाषक प्रदेशात साठ वर्षे या शाळेने मुलांना असे उभे राहण्यास जागा दिली. विद्यार्थिसंख्येची चिंता आज अशा प्रत्येक शाळेला आहे. ती खरी आहे आणि भाषणांनी ती मिटणार नाही. घरोघरी मराठी बोलली गेली, मुले या वर्गांत पाठविली गेली, तरच पुढचा महोत्सव साजरा होईल.