उन्हाची मात्रा



आज मी एकाच विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे ऊन. जे ऊन एका दुपारी धडधाकट माणसाचा जीव घेते, तेच मोजून दिले तर शरीर त्याला तोंड द्यायला शिकते. अल्प आघाताने शरीर बळकट होण्याच्या या गुणाला 'हॉर्मेसिस' म्हणतात.

पेशी उष्णतेला कशी तोंड देते, याचा धागा योगायोगाने मिळाला. इटालियन जनुकशास्त्रज्ञ फेरुच्चियो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या उबवण पेटीचे तापमान कुणाकडून तरी वाढले आणि गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. उष्णतेने काही जनुके जागी झाली होती. १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने पेशीतील इतर प्रथिनांची घडी बिघडू देत नाहीत, हे पुढे कळले.

माणसाच्या शरीराला उन्हाची सवय आठवड्या-दोन आठवड्यांत होते. पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढतो, तेच काम करताना नाडीची धडधड कमी होते. घाम लवकर सुटतो, भरपूर येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत नव्या मजुरांना आधी उष्ण, दमट खोलीत ठोकळ्यावर चढ-उतर करायला लावून असे तयार करत. मालकांचा डोळा सोन्यावर होता, मजुरावर नव्हता. पण त्यातून मिळालेले शरीरशास्त्र खरे आहे.

आता आपल्या चंद्रपूर-नागपूरकडचा मे महिना पाहा. पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला. रस्त्याच्या कामावर नवा गडी येतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि काम उक्ते असते. तो पहिल्याच दिवशी जुन्यांच्या बरोबरीने घमेली उचलतो. दुसरा असतो लग्नासाठी गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलेला. त्याची कमावलेली सवय तेवढ्यात ओसरू लागलेली असते, हे त्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेची शिफारस साधी आहे: नव्या कामगाराने पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या २० टक्केच काम करावे आणि रोज फार तर २० टक्के वाढवावे. सुट्टीवरून परतलेल्या अनुभवी कामगाराने ५० टक्क्यांपासून सुरुवात करावी.

'थोडे सोसले की अंगवळणी पडते' असे म्हणून कुणी या शास्त्राचा गैरवापर करू लागला तर त्याला आपण डॉक्टरांनीच अडवले पाहिजे. सावली, पाणी आणि रात्रीची विश्रांती नसेल तर ती मात्रा राहत नाही, मारा होतो. पत्र्याच्या तापलेल्या खोपटात रात्र काढणाऱ्याच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना हे वेळापत्रक सरसकट लावू नये. शिशासारख्या विषाला तर हा न्याय मुळीच लागू नाही; त्याची निर्धोक पातळी सापडलेलीच नाही.

पण खरी अडचण मजुरीची आहे. एक पंचमांश काम म्हणजे एक पंचमांश पैसे असतील, तर आपला सल्ला कोण ऐकेल? म्हणून कामगारांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरांच्या या अधिवेशनाने ठराव करावा: पहिल्या आठवड्यात काम कमी, हजेरी मात्र पूर्ण, आणि ही अट ठेक्याच्या करारातच लिहिलेली असावी. दुपारच्या सत्रात मसुदा मांडतो. उन्हाळा लागण्याआधी तो कामगार खात्याकडे पोहोचला पाहिजे.