वीरगळाला नाव

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात म्हसवड येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने मला 'देवळाचा इतिहास' या विषयावर पंधरा मिनिटे दिली आहेत. शाळामास्तराला पंधरा मिनिटे देणे म्हणजे तासाची घंटा अर्ध्यातच वाजवण्यासारखे आहे. तरी मी ती पाळीन. विषय मात्र थोडा बदलून घेणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

चौथऱ्याचे काम सुरू होते तेव्हाची गोष्ट. उत्तरेकडची जुनी पायरी गवंड्यांनी पहारीने उचलली आणि उलटी केली, तर खालच्या अंगाला चित्रे कोरलेली. आपल्या किती पिढ्या त्या दगडाच्या पाठीवर पाय देऊन देवाला गेल्या कोण जाणे. पोरे जमली. कोणी म्हणाले, देव निघाला. कोणी हळदकुंकू आणले. मी चष्मा पुसून पाहिले, तो वीरगळ होता.

वीरगळ कसा वाचायचा ते मुलांसाठी सांगतो, म्हणजे पुढे कुठे दिसला तर ओळखता येईल. तो खालून वर वाचायचा. अगदी खाली वीर मरून पडलेला असतो. पुष्कळदा शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावाचे गोधन सोडवताना तो पडला. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून स्वर्गात नेतात. सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर ह्याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. शिलाहार-यादवांच्या काळापासून असे दगड महाराष्ट्रभर उभे केले गेले आणि जुन्या देवळांच्या आवारात ते आजही दिसतात.

ह्या दगडावर सगळे आहे, नाव मात्र नाही. खाली कर्नाटकात पुष्कळ वीरगळांवर लेख असतात: कोण, कुठला, कोणत्या राजाच्या वेळी पडला. आपल्याकडचे बहुतेक मुके. हा माणूस कसा मेला ते आपल्याला कळते. तो कोण होता, त्याच्या आईचे नाव काय, तो हसायचा कसा, ते कळत नाही. चंद्र-सूर्य आहेत आणि आठवण गेली आहे.

इंग्रजांनी पुढे हेच केले. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी भिंतीत संगमरवरी पाट्या बसवल्या. ह्या गावातून एवढी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी एवढी कामी आली, असा मजकूर. नुसते आकडे. ज्यांनी मेसोपोटेमियात तहानेने जीव सोडला, फ्रान्सच्या चिखलात जे पुरले गेले, त्यांची गावात उरलेली खूण म्हणजे एक आकडा.

आता आपल्या नव्या देवळाकडे पाहा. नावांची टंचाई नाही! फरशीवर नाव, कमानीवर नाव, घंटेवर नाव, सभामंडपातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. देणगीदारांना मी हसत नाही; त्यांच्या वर्गणीवाचून कळस चढला नसता, आणि एका फरशीवर आमच्या घराचेही नाव आहे. मला एवढेच सुचले की ज्या देवळात अकराशे रुपयांना नाव मिळते, तिथे जीव दिलेल्या माणसाला ते मिळू नये, हे बरे दिसत नाही.

म्हणून आज मी एका माणसाविषयी बोलणार आहे. तो म्हसवडचा नव्हे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचा. कर्नल संतोष महाडिक.

त्यांचा जन्म 1977 चा. जन्माने घोरपडे, आजोळी दत्तक गेले म्हणून महाडिक झाले. घोरपडे हे नाव उच्चारले की म्हसवडकराने जरा थांबावे. 1697 साली सेनापती संताजी घोरपडे याच शंभूमहादेवाच्या डोंगरात मारले गेले आणि मारणारे नागोजी माने म्हसवडचे. संताजींचा आणि ह्या मुलाच्या घराण्याचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, तसा मला अधिकारही नाही. पण वीराला आठवण्याचे काम आपल्या गावाला सोपे नाही, एवढे ध्यानात असलेले बरे.

हा मुलगा साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला. 1961 साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. खेड्यातली पोरे तिथे लहान वयात जातात, रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडतात, आणि सहा महिन्यांनी सुट्टीवर आली की आईला 'जेवायला किती वाजता' म्हणून विचारतात. आपल्या माणमधलीही काही तिथे गेली आहेत, त्यांच्या आयांना हे ठाऊक आहे. संतोष तिथे फुटबॉलचा गोलरक्षक होता. घोड्यावर बसे, मुष्टियुद्ध खेळे. गोलरक्षक हे मला विशेष वाटते. संघात पुढे धावून गोल मारणाऱ्याला टाळ्या मिळतात. गोलरक्षकाकडे लोक पाहतात ते त्याच्या हातून चेंडू सुटला म्हणजेच.

पुढे ते सैन्यात अधिकारी झाले आणि पॅराशूट रेजिमेंटच्या 21 व्या स्पेशल फोर्सेस बटालियनमध्ये गेले. ही बटालियन मूळची मराठा लाईट इन्फंट्रीची. 1996 मध्ये तिचे रूपांतर झाले. ईशान्येकडच्या कामगिरीत दाखवलेल्या शौर्याबद्दल 2003 साली त्यांना सेना पदक मिळाले. त्यानंतरची बारा वर्षे मी दोन वाक्यांत सांगून टाकतो, कारण अशा माणसांची ही वर्षे वर्तमानपत्रात येत नाहीत. बदल्या, सरहद्द, वर्षातून एकदा गावाकडची रजा.

2015 साली ते काश्मीरमध्ये कुपवाडा जिल्ह्यात 41 राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. राष्ट्रीय रायफल्समध्ये निरनिराळ्या रेजिमेंटांतून जवान पाठवले जातात. 41 वी ही मराठ्यांची. म्हणजे बेळगावला भरती झालेली आपल्याच सातारा-सांगली-कोल्हापूरची पोरे त्यांच्या हाताखाली होती. तिथल्या तरुणांना खेळाकडे आणि शिक्षणाकडे वळवावे म्हणून ते खटपट करीत, असे त्यांच्या मागून सर्वांनी लिहिले.

त्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या दिवसांत, हाजी नाका भागातल्या जंगलात घुसखोर अतिरेक्यांचा शोध सुरू झाला. इकडे म्हसवडला पाडव्याला नाथाचे घट बसले होते, आपण उपवासात आणि रथाच्या तयारीत होतो. तिकडे देवदारांचे दाट रान, उतार आणि थंडी. दिवसामागून दिवस मोहीम चालली होती. एवढ्या मोठ्या तुकडीच्या प्रमुखाने मागे राहून बिनतारी यंत्रावर हुकूम दिले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. ते शोधपथकाबरोबर पुढे राहिले. 17 नोव्हेंबरला झालेल्या गोळीबारात ते गंभीर जखमी झाले. हेलिकॉप्टरने लष्करी रुग्णालयात नेले, पण प्राण वाचले नाहीत. वय 38 वर्षे.

दोन दिवसांनी पोगरवाडीत अंत्यसंस्कार झाले. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले होते. 2016 च्या प्रजासत्ताक दिनी मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झाले.

मला एकाने विचारले, "गुरुजी, पण तेव्हा लढाई कुठे चालू होती? पाकिस्तानशी युद्ध 65 ला झालं, 71 ला झालं, कारगिल 99 ला झालं. 2015 ला काय?" प्रश्न खरा आहे. युद्ध जाहीर झाले नव्हते. भोंगे वाजले नाहीत, दिव्यांना काळे कागद लागले नाहीत, 71 ला आपण घराघरांतून लोकरीचे कपडे नि फराळ गोळा केला तसे काही झाले नाही. आपली दिवाळी बिनघोर झाली. मी त्याला म्हटले, ह्या आपल्या दगडावरच्या माणसालासुद्धा कोणी युद्ध जाहीर करून बोलावले नसेल. गाई नेल्या अशी हाक आली आणि तो उठून गेला.

आता थोडे त्या दगडाच्या जोडीला निघालेल्या दुसऱ्या तुकड्याविषयी. तो अर्धाच आहे. त्यावर काटकोनात वर केलेला बाईचा हात आहे, मनगटात भरगच्च बांगड्या. ती सतीशिळा. पुरुष लढाईत पडला म्हणून त्याला वीरगळ, त्याच्यामागे बाई चितेवर चढली म्हणून तिला हा हात. बांगड्या शाबूत दाखवायच्या, कारण ती विधवा झालीच नाही अशी समजूत. वीरगळापुढे माझे हात जोडले जातात. ह्या हातापुढे काय करावे ते मला कळत नाही. तिला कोणी विचारले होते का?

कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वातीताई. पती गेले तेव्हा पदरात दोन लहान मुले. थोड्याच दिवसांत त्यांनी सांगितले की मी सैन्यात जाणार. लोकांना वाटले, दुःखाच्या भरात बोलल्या. पण त्यांनी अर्ज केला. वयाची मर्यादा उलटून गेलेली होती. ती त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली. निवड मंडळाची परीक्षा मात्र त्यांना द्यावीच लागली आणि ती त्यांनी दिली. मग चेन्नईच्या अकादमीत, आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलींच्या रांगेत, जवळजवळ वर्षभराचे खडतर शिक्षण. सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. पती जाऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

आपल्या गावात आजही कोणी जवान गेला की पहिल्या दहा दिवसांत बायका त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायला निघतात, आणि अकराव्या दिवसापासून सासर-माहेर पेन्शनच्या कागदावर भांडते. कुठले घर ते मी बोलत नाही, ज्याचे त्याला ठाऊक आहे. त्या घरांतल्या पोरींना स्वातीताईंचे नाव माहीत असावे म्हणून ते मी देवळात उभा राहून घेतले. सगळ्यांनीच वर्दी घालावी असे मी म्हणत नाही. शिवणयंत्र असेल, बालवाडी असेल, शेळ्या असतील. पण तिला विचारावे.

आता समितीला माझी विनंती. वीरगळाविषयी समितीत दोन मते आहेत हे मला माहीत आहे. एक म्हणते, भंगलेला दगड देवळात नको, नदीत सोडा. माणगंगेला पाणी किती दिवस असते ते आपण जाणतो; सोडलेला दगड उन्हाळ्यात पुन्हा उघडा पडेल आणि कोणीतरी त्यावर धुणे धुवील. दुसरे मत, त्याला शेंदूर फासून नवा देव करावा. तेही नको; शेंदराखाली त्याच्या गाई आणि तलवार दोन्ही बुजतील. त्याला नुसता उभा करावा, पूर्वेकडे तोंड करून, धुऊन, बिनरंगाचा. हात कोरलेला तुकडाही शेजारी असू द्यावा. मुले विचारतील तेव्हा त्यांना खरे सांगता येईल.

आणि ह्या स्मरणिकेच्या शेवटी जाहिराती कमी पडल्यामुळे चार पाने कोरी राहिली आहेत, असे चिटणीसांनी मला काल खिन्नपणे सांगितले. ती मला द्या. आपल्या गावातून आणि वाड्या-वस्त्यांवरून सैन्यात जाऊन परत न आलेल्या प्रत्येकाचे नाव त्यांत छापू. ज्यांच्या घरी फोटो असेल, डिस्चार्ज बुक असेल, तार असेल, त्यांनी येत्या पौर्णिमेपर्यंत शाळेत आणून दाखवावे. नाव, पलटण, साल. आणि त्याशिवाय एक ओळ त्याच्याविषयी: तो काय खायचा, कुणाशी भांडायचा, सूरपारंब्या कशा खेळायचा, ते. म्हाताऱ्या माणसांनी ही ओळ लवकर सांगावी, माझ्यासकट कोणाचा भरवसा नाही.

वीरगळ अजून लिंबाखाली आडवा पडला आहे. गवंडी उद्या सकाळी सात वाजता येणार आहे. चार माणसे आणि दोन पहारी लागतील.