विमानाच्या पोटातली आग



विमानात आपल्या पायांखाली, जिथे आपल्या मोठ्या बॅगा रचलेल्या असतात, तिथे उडत असताना आग लागली तर ती विझवायला कुणी माणूस जात नाही. तिथे काम करतो तो एक वायू, हॅलॉन १३०१. धूर झाला की मिनिटाच्या आत वैमानिकाला कळलंच पाहिजे असा नियम आहे. मग वैमानिक त्या कप्प्याची हवा बंद करतात आणि बटण दाबून वायूची पहिली बाटली सोडतात. कप्प्यातल्या हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास गेलं की ज्वाळा बसतात. पुढे दुसरी बाटली सावकाश सुटत राहते, ते प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली येऊ नये म्हणून. महासागर ओलांडणाऱ्या काही विमानांत ही सोय तीन तासांहून जास्त वेळ पुरते.

कढईतलं तेल भडकलं तर आपण पाणी ओतत नाही, वर झाकण ठेवतो. हा वायू म्हणजे तसं झाकण समजा. खरं तर तो झाकणापेक्षा हुशार आहे, कारण तो नुसती हवा तोडत नाही, ज्वाळेतली रासायनिक साखळीच मोडतो. पण झाकणाखालचं तेल तापलेलंच असतं, घाईने झाकण उचललं की पुन्हा भडका उडतो. म्हणून विमान उतरल्यावरही सगळे प्रवासी बाहेर पडेपर्यंत आणि अग्निशमन दल पोचेपर्यंत त्या कप्प्याचं दार उघडत नाहीत. आणि स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की झाकण ठेवलं तरी खालची शेगडी बंद करावीच लागते. माझं आजचं सगळं बोलणं त्या शेगडीबद्दल आहे.

लिथियम बॅटरी, म्हणजे तुमची पॉवर बँक, ही स्वतःची शेगडी पोटात घेऊन फिरणारी कढई आहे. आत कुठे शॉर्ट सर्किट झालं की एक सेल तापतो, त्यातली रसायनं आपापसांतच आणखी उष्णता निर्माण करतात, शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. बाहेरच्या हवेची त्याला फारशी गरज नाही. हॅलॉन वरची ज्वाळा बसवतो, पण आतली उष्णता थांबवत नाही. शेगडी चालूच राहते. शिवाय तापलेल्या बॅटरीतून पेट घेणारे वायू बाहेर पडून बंद कप्प्यात साचतात. मालवाहतूक म्हणून लिथियम-आयन बॅटऱ्यांची खोकी प्रवासी विमानातून नेण्यावर १ एप्रिल २०१६पासून जगभर बंदी आहे, ती याच भीतीपोटी.

नुसत्या झाकणावर विसंबल्याने काय होतं, हे अमेरिकेने ११ मे १९९६ रोजी पाहिलं. मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेट ५९२ या विमानाच्या सामानकप्प्यात ना धुराची सूचना देणारी यंत्रणा होती, ना वायू. बंद कप्प्यातली हवा संपली की आग आपोआप मरेल, असा त्या रचनेमागचा हिशेब होता. पण आत खोक्यांमध्ये प्राणवायू तयार करणारी रासायनिक उपकरणं भरलेली होती. आगीला प्राणवायू आतूनच मिळत गेला. विमान दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. त्यानंतर तिथल्या प्रवासी विमानांच्या अशा कप्प्यांत धूरसूचक आणि वायू दोन्ही सक्तीचे झाले.

म्हणून सांगतो, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. हा नियम पुष्कळांना माहीत आहे. पण एक जागा अशी आहे की तिथे नियम माहीत असलेला माणूसही चुकतो. गेटवर गर्दी असते, वरचे कप्पे भरलेले असतात, आणि कर्मचारी म्हणतो, 'ही छोटी बॅग आम्ही खाली टाकतो.' आपण आनंदाने ती देऊन टाकतो. पॉवर बँक त्यातच! मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांनो, तुम्हाला विशेष सांगतो, कारण भाच्याने हौसेने दिलेली पॉवर बँक नेमकी त्याच बॅगेत असते. बॅग हातातून सोडण्याआधी चेन उघडा आणि ती काढून घ्या. मागे रांग खोळंबली तर खोळंबू दे.

मग वर आपल्याजवळ ती पेटली तर? तिथे सगळ्या केबिनभर वायू सोडता येत नाही, माणसं श्वास घेत असतात. पण तिथे डोळे आहेत, हात आहेत आणि पाणी आहे. कर्मचारी हातातल्या बाटलीने ज्वाळा बसवतात आणि मग पाणी ओतत राहतात, शेगडी थंड होईपर्यंत. तेलाला जे वर्ज्य, तेच इथे औषध. जानेवारी २०२५मध्ये कोरियात गिमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीतलं एअर बुसानचं विमान जळालं. आग डोक्यावरच्या सामानकप्प्यात लागली होती आणि तपासकर्त्यांचा संशय पॉवर बँकेवर होता. सगळे १७६ जण बाहेर पडले. तेव्हा वरच्या कप्प्यातही नको, डोळ्यांसमोर ठेवा. फुगली, तापली, वास आला तर लाजू नका, लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारा. मोबाईल आसनाच्या फटीत पडला तर आसन हलवू नका, दबून फुटेल.

हॅलॉनबद्दल आणखी बोलायचं होतं. तो ओझोनचा थर खातो, म्हणून माँट्रियल करारानुसार त्याचं उत्पादन श्रीमंत देशांत १९९३अखेर थांबलं, आपल्यासारख्या देशांत २०१०पर्यंत. विमानं आज जुन्या साठ्यावर चालली आहेत, आणि त्याच्या तोडीचा, तितकाच हलका पर्याय सामानकप्प्यासाठी... पण निवेदक खूण करताहेत.

गेटवरची गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बॅग खाली जाणार असेल तर पॉवर बँक वर. आणि तिच्यावरचा आकडा वाचून निघा. साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंत चालते, त्यापुढे १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. नेहमीची २०,००० एमएएचची भरते ७४. आकडा पुसला गेला असेल तर ती घरीच ठेवा.