मेंदूचा लगाम
(वार्षिक सभेतील मनोगत)

आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या खतावणीत पाव सेकंदाची नोंद नसते. मेंदूच्या हिशेबात मात्र तिचे मोल मोठे आहे.

भातखाचरात साप दिसताच उचललेले पाऊल अर्ध्यावर थबकते. कपाळामागील उजव्या बाजूचा भाग आणि मेंदूत खोलवर असलेले सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे छोटे केंद्र यांचा त्या थबकण्यात महत्त्वाचा वाटा असतो. अवचित आवाज झाला तरी हाच लगाम क्षणभर ओढला जातो. निघू पाहणारा हात आवरण्यास मेंदूला सुमारे पाव सेकंद लागतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

शहापूरजवळ नाशिक महामार्गावर किंवा मुरबाडहून माळशेजकडे जाताना गुरे अचानक आडवी येतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर सहज लोटतो. मद्याने तर हा लगाम आणखी सैल होतो.

अपघातात कपाळामागील भागास इजा झाल्यास, वरची जखम भरूनही काही रुग्णांना राग आणि शब्द आवरत नाहीत. घरचे म्हणतात, "माणूस बदलला." आप्तहो, तो हट्ट नव्हे, इजा आहे, तेथे धाक नव्हे, उपचार आणि धीर हवा. देणगीदारांना नम्र विनंती, की शस्त्रक्रियेइतकेच या दीर्घ शुश्रूषेलाही आपले साहाय्य लाभावे.

परतताना हेल्मेट घालून सावकाश जावे.