गर्भवतीचे दात आणि हिरड्या



प्रत्येक बाळंतपणाबरोबर आईचा एक दात जावयाचाच, अशी समजूत आपल्या पुष्कळ घरांत आहे. पोटातील मूल आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेते, असा त्यामागील तर्क. परंतु तो खरा नव्हे. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून मिळते. तेथे उणे पडले तर ते तिच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे. म्हणून दूध, दही, नाचणी, तीळ व पालेभाज्या आहारात हव्यात.

मग या काळात दात बिघडतात ते का? गरोदरपणी शरीरातील संप्रेरके वाढतात. त्यामुळे दातांवरील कीटणाचा हिरड्यांना अधिक त्रास होतो; त्या लाल होतात, सुजतात, आणि ब्रश लागताच रक्त येते. रक्त पाहून सूनबाई घाबरते व दात घासणेच सोडते. येथेच खरी चूक होते. कीटण साचत जाते, सूज वाढते आणि रक्तही वाढते. रक्त आले तरी मऊ ब्रशाने, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून, सकाळी व रात्री निजण्यापूर्वी दात हळुवार घासलेच पाहिजेत.

दुसरे कारण ओकाऱ्यांचे. ओकारीबरोबर जठरातील आम्ल तोंडात येते व दातांचे वरचे कवच काही काळ मऊ पडते. तेव्हा लगेच ब्रश न करता पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि तासाभराने दात घासावेत. डोहाळ्यांची चिंच, कैरी वा मिठाई खुशाल खावी. मात्र ती दिवसभर चघळत राहू नये, आणि वर साध्या पाण्याची चूळ भरावी.

मशेरीविषयी स्पष्ट सांगावयास हवे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिच्यातील निकोटिन रक्तावाटे बाळापर्यंत पोहोचते, आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. ती सोडावी, हेच श्रेयस्कर.

दाढ ठणकू लागली की वडीलधारी मंडळी म्हणतात, "बाळंतपण होऊ दे, मग पाहू." असे थांबणे हितकारक नाही. दात भरणे, साफ करणे, जरूर पडल्यास काढणेही गरोदरपणी सुरक्षितपणे करता येते. चौथा ते सहावा महिना त्यास विशेष सोयीचा. परंतु कळ वा गालावर सूज असेल, तर महिना न पाहता दंतवैद्याकडे जावे. आपण गरोदर आहोत व कितवा महिना आहे, हे त्यांना आधी सांगावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने पुढे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

बाळाचे दुधाचे दात जन्मानंतर दिसतात, पण त्यांची घडण गर्भातच सुरू झालेली असते. पुढे आईच्या तोंडातील कीड उष्ट्या चमच्यातून बाळाच्या तोंडात जाऊ शकते. तेव्हा सासूबाईंनो, सूनबाईला दूध-तुपाचा आग्रह जरूर करा. पण त्याबरोबर तिला एकदा दंतवैद्याकडेही घेऊन जा.